जुना ताणा काढण्याआधी नवा बांधा

मुलगा चाकणला कामाला, संगणक निजामपुऱ्यात घरी. मुलगा तिथे बसून इथला संगणक चालवतो. आता घराला नवे वायफाय मिळाले आहे. मग मुलाने चाकणहूनच संगणकाला ते वायफाय जोडून द्यावे, की सुट्टी काढून घरी यावे? या धाटणीचे प्रश्न हल्ली आमच्याकडे बरेच येतात. विचारणारे बहुतेक यंत्रमागावर, गोदामात, नाहीतर कंपनीत कंत्राटावर राबणाऱ्या घरातले आहेत. एका दिवसाची सुट्टी म्हणजे एका दिवसाचा पगार गेला आणि वर येण्याजाण्याचे भाडे. तेव्हा प्रश्न लहान नाही.

उत्तर थोडक्यात सांगायचे तर दुरून वायफाय जोडता येते. परंतु ज्या वाटेने आपण संगणकापर्यंत पोहोचलो आहोत, तीच वाट आपल्याला बदलायची असते. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्यासारखेच हे काम आहे. क्रम बरोबर असेल तर दहा मिनिटांत होते. क्रम चुकला तर संगणक घरात असूनही मुक्यासारखा पडून राहतो आणि चाकणचा माणूस चाकणलाच हात चोळत बसतो. म्हणून आज हा क्रमच सविस्तर सांगायचे आम्ही ठरवले आहे.

वाचकहो, असे एक घर डोळ्यांसमोर आणा. वडील लूमवर, आई घरी, मोठा मुलगा बाहेरगावी नोकरीला, धाकटी मुलगी कॉलेजात. मुलीच्या अभ्यासासाठी कुठून तरी जुना, वापरलेला संगणक घेतला. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आता महाडीबीटीच्या संकेतस्थळावरच भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, सगळी कागदपत्रे त्यावर चढवावी लागतात. आजवर या संगणकाला आईच्या फोनमधले इंटरनेट केबलने दिले जाई. आता वरच्या मजल्यावर इंटरनेटची जोडणी आली आणि महिन्याचा खर्च वाटून घ्यायचे दोन्ही घरांनी ठरवले. अर्जाची मुदत जवळ आली आहे. अशा वेळी संगणक आठ दिवस बंद पडला तर नुकसान यंत्राचे होत नाही, मुलीचे होते.

दुरून चालवणे म्हणजे काय

दुरून संगणक चालवणे यात जादू काही नाही. घरच्या संगणकात एक ॲप बसवलेले असते. ते पडद्यावर जे दिसते त्याचे चित्र इंटरनेटवरून मुलाच्या फोनकडे किंवा संगणकाकडे सतत पाठवत राहते. मुलगा तिकडे जी कळ दाबतो, जिथे बोट ठेवतो, ती खूण उलट इकडे येते आणि जणू घरीच कुणी कळ दाबली असे संगणक समजतो. दोन्ही टोकांची गाठ घालून देणारा आणखी एक संगणक मध्ये कुठेतरी असतो. तो प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो.

म्हणजे इकडून जाणारे चित्र आणि तिकडून येणारा हुकूम, दोन्ही इंटरनेटच्या एकाच दोरावर चालतात. दोर बदलताना क्षणभर का होईना, तो हातातून सुटतो. त्या क्षणी पडदा गोठतो. नवा दोर नीट बांधलेला असेल तर संगणक अर्ध्या-एक मिनिटात त्याच क्रमांकावर पुन्हा भेटतो. पासवर्डचे एक अक्षर जरी चुकले असेल, तर चूक दुरुस्त करण्यासाठी पोहोचायला वाट उरत नाही. सगळी मेख इथे आहे.

भिवंडीत हे समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. मागावरचे बीम संपत आले की काय करतात? जुन्या ताण्याचे धागे फणीतून तसेच राहू देतात. नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या एकेका टोकाला बांधतात. सगळे बांधून झाले की मग हलक्या हाताने पुढे ओढून घेतात. जुन्याच्या मागोमाग नवा ताणा फणीतून निमूट पुढे येतो. कुणी घाईने, ‘संपलेच आहे की’ म्हणून जुना ताणा आधीच ओढून काढला, तर सारे धागे पहिल्यापासून एकेक करून भरत बसावे लागते. तोवर माग बंद आणि मजुरीही बंद. संगणकाचे वायफाय बदलताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावी. जुना धागा हातात असतानाच नवा बांधावा, आणि नवा ताण धरतो हे पाहिल्यावरच जुना सोडावा.

आकाशातले दोन धडे

हा नियम आमच्या घरगुती संगणकापुरता नाही. जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही त्याची किंमत मोजावी लागली आहे.

अमेरिकेचे व्हायकिंग-१ हे यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरले. त्यावरचा संगणक पृथ्वीवरून बिनतारी संदेश पाठवून चालवला जाई. सहा वर्षे त्याने उत्तम काम केले. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्याच्या बॅटऱ्या नीट भारल्या जाव्यात म्हणून काही नव्या सूचना पाठवल्या गेल्या. त्या सूचना यानाच्या स्मरणात नेमक्या अशा जागी लिहिल्या गेल्या, की पृथ्वीकडे तोंड कसे ठेवायचे हे ज्या जागी नोंदवले होते, तेच पुसले गेले. यानाचा ॲन्टेना भलतीकडे वळला आणि संपर्क कायमचा तुटला. हुकूम देणारे पृथ्वीवर आणि यंत्र मंगळावर. तिथे जाऊन कळ दाबणारे कुणीच नव्हते.

दुसरे उदाहरण व्हॉयेजर-२ या यानाचे. ते १९७७ साली सोडलेले. २१ जुलै २०२३ रोजी पाठवलेल्या आज्ञांमुळे त्याचा ॲन्टेना पृथ्वीपासून अवघा दोन अंश बाजूला वळला. यान तेव्हा सुमारे १,९९० कोटी किलोमीटर दूर होते. दोन अंशांच्या फरकाने बोलणे बंद झाले. परंतु इथे एक शहाणपणाची व्यवस्था आधीच करून ठेवलेली होती. यान वर्षातून काही वेळा आपणहून दिशा तपासते आणि तोंड पुन्हा पृथ्वीकडे वळवते. पुढची अशी तपासणी १५ ऑक्टोबरला व्हायची होती. म्हणजे काहीच केले नसते तरी अडीच-तीन महिन्यांनी बोलणे सुरू होण्याची आशा होती. त्याआधीच ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील मोठ्या ॲन्टेनावरून त्याला जोरकस संदेश पाठवला गेला. तो पोहोचायला साडेअठरा तास लागले, उत्तर यायला तितकेच. ४ ऑगस्टला यान पुन्हा बोलू लागले.

दोन्ही यानांना चुकीची आज्ञा गेली होती. एक गेले, एक वाचले. वाचले त्याच्यापाशी परतीची वाट राखून ठेवलेली होती. आपल्या घरात ही परतीची वाट दोन प्रकारची असते. एक म्हणजे जुनी केबल. दुसरी म्हणजे घरात हजर असलेले माणूस. यानापाशी माणूस नव्हते, आपल्यापाशी आहे. हे भाग्य थोडे नाही.

आधीची तयारी

पहिली गोष्ट, संगणकाला वायफाय घेता येते का ते पाहावे. लॅपटॉपमध्ये ही सोय असतेच. जुन्या टेबलावरच्या संगणकात पुष्कळदा नसते. त्यासाठी यूएसबीच्या खाचेत बसणारा बोटाएवढा वायफायचा डोंगल मिळतो. तो काही शे रुपयांत येतो. डोंगल संगणकाच्या पाठीमागे, भिंतीकडच्या बाजूला दडवू नये. पुढच्या खाचेत बसवावा. वायफाय ही रेडिओची लहर आहे. पत्रा, लोखंडी कपाट, जाड भिंत यांतून जाताना ती दमते. लूमच्या आवाजाने मात्र तिचे काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट, वायफायचे नाव. पुष्कळ राउटर दोन नावे दाखवतात. एक २.४ गिगाहर्ट्झचे, दुसरे ५ गिगाहर्ट्झचे. ५ वाले वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हार मानते. २.४ वाले जरा सावकाश, पण लांबवर आणि भिंतीपलीकडे पोहोचते. राउटर वरच्या मजल्यावर आणि संगणक खाली असेल तर आधी २.४ वाले निवडावे. जुन्या यंत्रांना आणि स्वस्त डोंगलना कित्येकदा तेवढेच दिसते.

या लहरींची थोडी माहितीही असू द्यावी. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात तारेविना लहर पाठवून भिंतीपलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती. वायफायचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले. आपल्याकडे एके काळी घरच्या रेडिओलाही टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे, हे थोरांना आठवत असेल. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला. म्हणून आज चाळीतल्या खोलीतही राउटर बसवताना कुणाला विचारावे लागत नाही.

तिसरी गोष्ट, पासवर्ड. तो कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवून घ्यावा. इंग्रजी मोठे अक्षर वेगळे, लहान अक्षर वेगळे. शून्य आणि ओ, एक आणि एल यांत घोटाळा होतो. जिथे शंका वाटेल तिथे घरच्या माणसाने राउटरच्या पाठीवरचे लेबल वाचून दाखवावे, नाहीतर फोटो फक्त त्या मुलालाच पाठवावा. सगळ्या नातेवाइकांच्या गटात टाकू नये.

चौथी गोष्ट, दुरून चालवण्याचे ॲप संगणक सुरू होताच आपोआप सुरू होते का, हे पाहून ठेवावे. काही ॲपना प्रत्येक वेळी घरच्या माणसाने ‘होय’ म्हणावे लागते. घरी कुणी नसताना वापरायचे असेल तर त्यात वेगळा, लांबलचक पासवर्ड आधीच ठरवून ठेवावा लागतो.

जोडणीचा क्रम

आता प्रत्यक्ष काम. मुलाने फोन करावा आणि घरचे माणूस संगणकासमोर बसले आहे याची खात्री करूनच सुरुवात करावी. शक्यतो दिवसाउजेडी, वीज जाण्याची वेळ टाळून.

आईच्या फोनची केबल संगणकाला लावलेलीच राहू द्यावी. त्या फोनचे मोबाइल डेटा चालू आणि वायफाय बंद असावे. नाहीतर फोनच नव्या वायफायवरचे इंटरनेट केबलमधून देऊ लागेल आणि आपली परीक्षा खोटी ठरेल. बोलण्यासाठी दुसरा फोन असेल तर उत्तम.

मग मुलाने दुरून संगणकाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वायफाय चालू करावे. नावांच्या यादीतून आपले नाव निवडावे. ‘आपोआप जोड’ अशा अर्थाची चौकट असते, तिथे खूण करावी. पासवर्ड भरताना शेजारी डोळ्याचे चिन्ह असते. ते दाबले की लिहिलेली अक्षरे दिसतात. दुरून टाइप करताना एखादे चिन्ह भलतेच उमटते, म्हणून ती अक्षरे डोळ्यांनी वाचूनच पुढे जावे. नेटवर्क खासगी की सार्वजनिक असे विचारले तर, वायफाय दोन घरांत वाटलेले असल्याने, सार्वजनिक म्हणावे. त्याने आपला संगणक त्याच वायफायवरच्या इतर यंत्रांच्या नजरेआड राहतो.

‘जोडले’ असे दिसले तरी लगेच आनंद मानू नये. या वेळी दोन्ही धागे बांधलेले असतात, जुना आणि नवा. संगणक नेमका कोणत्या धाग्यावर चालला आहे ते बाहेरून कळत नाही. म्हणून आता आईला केबल काढायला सांगावी. मुलाकडचा पडदा गोठेल. घाबरू नये. दोन मिनिटे थांबावे आणि पुन्हा जोडून पाहावे. संगणक भेटला तर नवा धागा पक्का. नाही भेटला तर आईने केबल परत लावायची आणि फोनमध्ये केबलने इंटरनेट देण्याची कळ पुन्हा चालू करायची. केबल निघाली की ती कळ बहुतेक फोनमध्ये आपोआप बंद होते. ही बाब नेमकी विसरली जाते. जुनी वाट परत आली की चूक शांतपणे शोधता येते.

शेवटची परीक्षा राहिली. केबल हाताशी ठेवून संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. कुणी काही न दाबता तो वायफायला आपोआप जोडला गेला, ॲप आपोआप सुरू झाले आणि मुलाला चाकणहून दिसला, तरच काम झाले म्हणावे.

संगणक आधीच एखाद्या वायफायवर असेल आणि केबलची सोय नसेल, तर जुन्या वायफायची नोंद पुसू नये. सेटिंग्जमध्ये माहीत असलेल्या नेटवर्कांची यादी असते. तिथे नव्याचे नाव आणि पासवर्ड आधीच लिहून ठेवता येतो. दोन्ही नोंदी राहू द्याव्यात.

पडदा आणि कीबोर्ड नसलेले हाताएवढे संगणकही असतात. २०१२ साली इंग्लंडात निघालेला रास्पबेरी पाय हा त्यांतला नावाजलेला. त्याचा सारा जीव एका मेमरी कार्डात असतो. ते कार्ड तयार करतानाच वायफायचे नाव आणि पासवर्ड त्यावर लिहून देता येतो. मग तो पहिल्यांदा सुरू होतो तोच जोडलेला. बीम मागावर चढवण्याआधीच टोके बांधून देण्यासारखे आहे हे.

रेल्वे स्थानकावरचे मोफत वायफाय मात्र या कामाचे नाही. मुंबई सेंट्रलला ते जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाले आणि पुढे अनेक स्थानकांवर आले. ते आधी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी विचारते. हातातल्या फोनला ते जमते. दुरून चालवायच्या संगणकाला त्या दारावरच अडकून पडावे लागते.

आणखी एक सांगणे. तार म्हणजे मागासलेपणा असे समजू नये. जुन्नर तालुक्यात खोडद येथे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. त्या सगळ्या एका नियंत्रण कक्षातून फिरवल्या जातात. ही आज्ञा हवेतून जात नाही, जमिनीतून टाकलेल्या काचेच्या तंतूंमधून जाते. संगणक राउटरच्या शेजारीच ठेवता येत असेल तर सरळ केबल लावावी. डोंगलचे पैसेही वाचतील.

आईच्या हाती काय

या साऱ्यात सगळ्यांत महत्त्वाचे यंत्र कोणते? आमच्या मते, घरी बसलेली आई. आणि नेमके तिलाच कुणी काही सांगत नाही. ‘आई, तू हात लावू नकोस, मी बघतो,’ एवढेच तिला ऐकू येते. मग एक दिवस पडदा काळा होतो आणि फोनवर असे बोलणे चालते.

‘आई, डब्यावरचा दिवा पेटलाय का?’

‘कुठला डबा रे? खाली आहे तो, का भिंतीवरचा?’

‘अगं, भिंतीवरचा. राउटर.’

‘त्याला चार दिवे आहेत. तीन पेटलेत, एक लाल झालाय. मघाशी हिरवा होता तो.’

बघा, मुलाला हवे ते उत्तर आईने एका वाक्यात दिले. तिने दिवा पाहिला, त्याचा रंग सांगितला, आधी कोणता होता तेही सांगितले. ज्या बायकांनी उभ्या जन्मात मागावरचा एक तुटलेला धागा हजारांतून ओळखला, त्यांना चार दिव्यांतला एक ओळखता येणार नाही असे म्हणणे हाच अडाणीपणा आहे.

तिला तीन गोष्टी शिकवाव्यात. संगणक कसा सुरू आणि कसा बंद करायचा. राउटरचे बटण बंद करून, मिनिटभर थांबून पुन्हा कसे चालू करायचे. आणि फोनची केबल लावून इंटरनेट कसे द्यायचे. या तीन गोष्टी मोठ्या अक्षरात मराठीत लिहून संगणकामागच्या भिंतीला चिकटवाव्यात. त्या कागदावर पासवर्ड मात्र लिहू नये.

वीज गेली तर

भिवंडीत विजेचे येणेजाणे नवे नाही. वीज गेली की राउटर बंद, संगणकही बंद. परत आली की राउटर आपोआप सुरू होतो. टेबलावरचा संगणक पुष्कळदा तसाच पडून राहतो. वीज येताच आपोआप सुरू हो, अशी सूचना त्याच्या मूळच्या सेटिंगमध्ये देता येते. ती विंडोज सुरू होण्याच्या आधीच्या पडद्यावर असते. दुरून तिथे पोहोचता येत नाही. मुलगा सणासुदीला घरी आला की त्याने ही एक गोष्ट आठवणीने करून जावी.

तसेच, काही वेळ कुणी हात लावला नाही तर संगणक झोपी जातो. झोपलेला संगणक वायफायवरून सहसा जागा होत नाही. वीजजोडणी असताना झोपू नकोस, अशी सूचना त्याला द्यावी आणि काम नसेल तेव्हा तो सरळ बंद करावा. विजेचे बिल आपल्यालाच भरायचे आहे.

फोनच्या हॉटस्पॉटवर कायमचा भरवसा ठेवू नये. फोनवाला घराबाहेर पडला की वायफायही त्याच्या खिशातून बाहेर जाते.

किल्ली कुणाकडे

दुरून चालवण्याची सोय ही घराची किल्ली आहे. ज्याच्या हाती ती गेली त्याला आपला पडदा दिसतो, आपली कागदपत्रे दिसतात, आपल्या नावाने व्यवहारही करता येतात. ‘बँकेतून बोलतोय, तुमचे केवायसी राहिले आहे, हे ॲप टाका आणि त्यावरचा क्रमांक सांगा,’ असे फोन आपल्या वस्तीतही येतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या ॲपचे नाव घेऊन बँकांना अशा फसवणुकीबद्दल सावध केले होते. ॲप स्वतः वाईट नाही, त्यानेच आपला मुलगा चाकणहून मदत करतो. वाईट आहे ते अनोळखी माणसाला क्रमांक सांगणे. आपण मदत मागितलेली नसताना जो मदत करायला येतो, त्याला क्रमांक सांगू नये, कोणतेही ॲप टाकू नये. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

वायफाय वाटून घेतानाही एक भान असावे. जोडणी ज्याच्या नावावर आहे, काही वावगे घडले तर पहिली विचारणा त्याच्याकडे होते. म्हणून पासवर्ड गल्लीभर फिरवू नये. राउटरबरोबर आलेला मूळ पासवर्डही बदलून घ्यावा.

आता घरातल्या किल्लीविषयी. आम्ही अशी घरे पाहिली आहेत, जिथे संगणक मुलीच्या नावाने घेतला, पण त्याचे सगळे पासवर्ड भावाच्या फोनमध्ये. तिने काही उघडायचे तर आधी दादाला फोन. दादा पाळीवर असेल तर तिने थांबायचे. दादाच्या मनात वाईट काही नसते, त्याला तिची काळजीच असते. परंतु दुरून चालवलेला संगणक आणि दुरून चालवलेले माणूस यांतला फरक विसरायला वेळ लागत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज तिचा, तर त्याचा पासवर्डही तिच्यापाशीच हवा. वायफाय जोडायच्या दिवशी दादाने पडद्यावर एकट्याने भराभर काम उरकू नये. बहिणीला समोर बसवावे, फोनवर एकेक पायरी सांगावी आणि कळ तिला दाबू द्यावी. वेळ दुप्पट लागेल. पण पुढच्या खेपेला तिला दादाची गरज लागणार नाही, आणि शेजारच्या दोन घरांचे वायफायही तीच जोडून देईल.

ज्या घरात वायफाय जोडता येणारे एकच माणूस आहे, त्या घराचा एकच धागा आहे. तो तुटला की माग थांबतो. म्हणून या रविवारी एवढे करा. भिंतीवर कागद लावा, आईला केबल लावून दाखवा, बहिणीला पासवर्ड द्या. आणि मगच जुनी केबल काढा.